निगेटिव्ह घराणं

त्या घरात पाऊल टाकणाऱ्याला आधी बोट पुढे करावं लागे, मग चहा मिळे. दूरचा पाहुणा असो, नळ दुरुस्त करायला आलेला प्लंबर असो, की चुकून दुसऱ्याच्या पत्त्यावर आलेला माणूस असो. अण्णा खुर्चीतून उठत, हसत हसत त्याचा हात हातात घेत, आणि तो बिचारा 'अहो, हे काय' म्हणेपर्यंत बोटाच्या टोकाला सुई टोचून मोकळे होत. खालच्या मजल्यावर त्यांची रक्त तपासायची लॅब होती. एक लांबट खोली, खिडकीखाली पांढरं टेबल, कोपऱ्यात घरघरणारा फ्रीज. काचपट्टीवर रक्ताचा थेंब घ्यायचा, त्यावर गट ओळखायच्या अँटी-डी द्रवाचा थेंब सोडायचा, पट्टी दोनदा इकडून तिकडे हलवायची आणि बघायचं. रक्त फाटून दाणे दाणे झाले की माणूस पॉझिटिव्ह. एकसारखं लाल राहिलं की निगेटिव्ह. पॉझिटिव्ह निघणाऱ्याला अण्णा 'बसा' म्हणत आणि निगेटिव्ह निघणाऱ्याला 'ये, बस' म्हणत. फरक एवढाच, पण तो त्या घरात सगळ्यांना कळे.

अण्णांचं म्हणणं होतं की निगेटिव्ह माणसं हा मुळात वेगळा वंश आहे. फार पूर्वी कुठल्याशा डोंगरांत राहणारे, कुणात न मिसळलेले, ताठ कण्याचे लोक होते. त्यांचं रक्त पुढे जगभर थोडं थोडं विखुरलं आणि ते आपल्यासारख्यांच्या अंगात उरलं. "बाकीचे वाईट असं मी म्हणत नाही," ते म्हणत, "पण ते मिसळलेले. आपण मूळचे." याला पुरावा काय, असं विचारणारा एखादा शहाणा निघालाच, तर अण्णा आकडे फेकत. अमुक डोंगरी मुलखात तीनातला एक निगेटिव्ह, तमुक देशात शंभरात एकही नाही. आकडे खरे असल्यामुळे समोरचा गप्प बसे. खऱ्या आकड्यांवर उभी केलेली खोटी गोष्ट पाडणं किती अवघड असतं, हे ज्याला अनुभव आहे तोच जाणे.

वरच्या मजल्यावर, बैठकीच्या खोलीत, एक अख्खी भिंत फोटोंची होती. अण्णांनी जमवलेल्या निगेटिव्ह मंडळींचे फोटो. अण्णा त्यांना 'आपली माणसं' म्हणत. बेकरीवाला, शाळेच्या ऑफिसातल्या बाई, दोन नर्स, एक घड्याळजी, त्यांच्या मुली, सुना. पैकी काही तरुण मुलींच्या फोटोंना अण्णांनी खास रुंद चौकटी करून घेतल्या होत्या, कारण त्यांना अडचणीच्या वेळी अण्णांनी स्वतःच्या दंडातून रक्त दिलं होतं. या भिंतीपाशी उभं राहून ते पाहुण्याला एकेक चेहरा दाखवत. "हिच्यात मी आहे. हिच्यात मी आहे. आणि ही," असं म्हणून ते शेवटी सुनेकडे वळत, "हिच्यात तर मी आहेच."

सुनेला घरात सगळे काचवाली म्हणत. नाव नवऱ्यानं पाडलं होतं, कारण लग्नाआधी आणि लग्नानंतरही ती एका फोटो फ्रेमच्या दुकानात काच कापायचं काम करी. हातात हिरा धरून अशी सरळ रेघ ओढे की मालकही बघत राही. त्याच दुकानात, ती नुकतीच कामाला लागलेली असताना, उभी ठेवलेली मोठी काच घसरून तिच्या मांडीवर फुटली होती. शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलची रक्तपेढी तेव्हा व्हायची होती. कुणीतरी सुचवलं, अण्णांना फोन करा. अण्णा आले, आपणच आपला आणि तिचा गट तपासला, आणि शेजारच्या खाटेवर आडवे होऊन बाही वर सरकवली. ती शुद्धीवर आली तेव्हा पायथ्याशी एक अनोळखी माणूस समाधानानं हसत उभा होता. महिनाभरानं तोच माणूस आपल्या मुलाचं स्थळ घेऊन तिच्या घरी गेला. जीव वाचवणाऱ्याला नाही कोण म्हणणार? शिवाय मुलगा खरंच चांगला होता. गाडी चालवायला शिकवायचा, शिकाऊ लोकांच्या चुका रोज पोटात घालायचा आणि घरीही आवाज चढवायचा नाही. त्याचा दोष एकच. आयुष्यभर बापाच्या शेजारच्या सीटवर बसलेला माणूस, स्वतः वळण घ्यायची वेळ आली की आधी बापाच्या तोंडाकडे बघायचा.

काचवालीला दिवस राहिले तेव्हा अण्णांनी भिंतीवर एक जागा मोकळी केली. तिथली चौकट तिनंच बनवायची होती.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत तिचा गट विचारला आणि त्या जरा सावध झाल्या. "तुम्ही निगेटिव्ह. मिस्टर काय आहेत? ते पॉझिटिव्ह असतील तर बाळ पॉझिटिव्ह असू शकतं. मग तुमचं रक्त त्या बाळाला परकं समजायला लागतं. त्यासाठी एक इंजेक्शन असतं, आणि मधूनमधून तुमच्या रक्तात तसं काही तयार झालंय का, तेही बघावं लागतं."

"त्याची काही गरज नाही," अण्णा म्हणाले. ते तपासणीलाही बरोबर आले होते. "मुलगा निगेटिव्ह, सून निगेटिव्ह. मीच तपासलंय. दोन निगेटिव्हना निगेटिव्हच मूल होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको."

नियम बरोबर होता. डॉक्टरीणबाईंच्या दारात बायकांची रांग लागली होती, आणि अण्णांच्या लॅबचं नाव सगळ्या शहराला ठाऊक होतं. "ठीक आहे," त्या म्हणाल्या. पुढच्या सगळ्या तपासण्या अण्णांनी घरच्या घरी केल्या. त्यात ती एक तपासणी कधीच झाली नाही, कारण जी गोष्ट आपल्या घरात होऊच शकत नाही ती शोधायची कशाला?

सासूबाई यावर काही बोलल्या नाहीत. तशा त्या एरवीही कमीच बोलत. अण्णा बोलत असले की त्या भांड्यांचा आवाजसुद्धा होऊ देत नसत. पण एक गोष्ट काचवालीच्या केव्हाच लक्षात आली होती. या बाईला पिवळं काही चालत नसे. पिवळा कपडा, पिवळी चादर, पिवळ्या उजेडाचा दिवा, काही नाही. घरात सगळीकडे पांढरे, डोळ्यांना बोचणारे दिवे. बाळासाठी काचवालीच्या आईनं पिवळ्या लोकरीचा चिमुकला स्वेटर विणून पाठवला, तर सासूबाईंनी तो एका शब्दानंही न बोलता कपाटाच्या तळाशी घालून टाकला.

"सासूबाई, तुम्हाला आवडला नाही का?" काचवालीनं धीर करून विचारलं.

सासूबाई कपाटाच्या दाराला हात लावून तशाच उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "बाळ झालं की त्याला दिवसाच्या उजेडात बघत जा. दिव्याच्या नको. खिडकीशी नेऊन बघ. रोज बघ."

"का?"

"माझे दोघे गेले ना, याच्या पाठचे. तेव्हा खोलीत पिवळा दिवा होता. मला कळलंच नाही, त्यांचा रंग बदलतोय ते."

आपल्या नवऱ्याच्या पाठीवर दोन भावंडं होऊन गेली हे काचवालीला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.  मग तिनं विचारलं, "कशानं गेली?"

"हे म्हणाले, आपलं रक्तच नाजूक. मूळचं असतं ना, ते टिकायला कठीण." सासूबाईंनी दार लावून घेतलं. "माझ्यातच काहीतरी कमी असेल."

त्या दिवसापासून काचवालीला घरात धड करमेना. पोटात बाळ लाथा मारी, दुकानातले सगळे तिच्याकडे बघून हसत, नवरा तर नुसता हवेत होता. पण संध्याकाळी घरी आल्यावर त्या भिंतीसमोरून जाताना तिची पावलं आपोआप भरभर पडत. रुंद चौकटीतल्या मुली आपल्याला काहीतरी सांगायला टपल्यात, असं तिला उगाच वाटे. मनाचे खेळ आहेत, असं स्वतःला बजावून ती पांढऱ्या दिव्याखाली जेवायला बसे.

मुलगी झाली. पहाटे झाली, धडधाकट रडली, आणि अण्णांनी हॉस्पिटलच्या पायरीवर उभं राहून 'आपल्या माणसांना' फोन करायला सुरुवात केली. सासूबाईंनी मात्र उजाडायची वाट पाहिली. उन्हाची पहिली तिरीप आत आली तशी त्यांनी पोर उचलली, खिडकीशी नेली, आणि तिच्या नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. बोट दाबलं होतं तिथं पांढरा ठिपका उमटायला हवा होता. पिवळा उमटला. सासूबाईंनी पुन्हा दाबून पाहिलं. कपाळावर, छातीवर. मग त्यांच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली.

"डॉक्टरांना बोलव," त्या म्हणाल्या. "आत्ता. धाव."

बाळंतीण कशी धावणार? पण काचवाली भिंतीला धरून धरून दारापर्यंत गेली आणि ओरडली.

दुपार व्हायच्या आत बाळ काचेच्या पेटीत, निळ्या दिव्यांखाली होतं. डोळ्यांवर पट्टी, पायाला नळी. सासूबाई बाळाचे कपडे आणायला घरी गेल्या होत्या, नवरा पेटीवर हात ठेवून उभा होता. डॉक्टरीणबाई आल्या त्या थेट काचवालीपाशी आल्या. त्यांच्या हातात काही नव्हतं. चेहऱ्यावर मात्र सगळं होतं.

"बाळ पॉझिटिव्ह आहे," त्या म्हणाल्या. "आणि तुमच्या रक्तानं त्याच्याविरुद्ध शस्त्रं तयार करून ठेवलीयत. ती बाळाच्या अंगात गेली आणि त्याचं रक्त फोडतायत. म्हणून ही कावीळ. ती मेंदूत शिरायच्या आत बाळाचं रक्त बदलावं लागेल. थोडं काढायचं, थोडं निगेटिव्ह घालायचं, असं करत करत सगळं."

"मग करा ना!"

"रक्त नाहीये. आमच्या पेढीत गेले काही महिने निगेटिव्ह रक्ताचा खडखडाट आहे. देणारे येईनासे झालेत." त्या अण्णांकडे वळल्या. "तुमच्या मंडळींनी बाहेर रक्त द्यायचं बंद केलंय, असं ऐकलं."

ते खरं होतं. वर्षापूर्वीच अण्णांनी बैठकीत ठरवून टाकलं होतं की आपलं रक्त आपल्यांनाच. उगाच कुणाच्याही अंगात घालून नासवायचं नाही. 'आपल्या माणसांनी' अण्णांचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. त्यात काचवालीही होती. हात वर करताना तिला तेव्हा काहीच वाटलं नव्हतं.

पण अण्णांनी हे ऐकलंच नव्हतं. त्यांच्या कानात एकच शब्द अडकून बसला होता.

"पॉझिटिव्ह?" ते म्हणाले.

"हो."

"दोन निगेटिव्हना पॉझिटिव्ह होत नाही." ते अगदी शांतपणे बोलले. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. त्यांनी सुनेकडे पाहिलं, ते अगदी काचपट्टीकडे बघत तसं, किंचित मान वाकडी करून. मग मुलाला म्हणाले, "घरी चल."

"अण्णा, बाळाला रक्त..."

"ज्याचं असेल तो देईल. चल घरी."

 काचवालीनं नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या जन्मात तिनं या एका पुरुषाशिवाय कुणाचा हात धरला नव्हता, आणि हे त्याला नाही तर कुणाला माहीत असणार? नवऱ्यानं पेटीवरचा हात उचलला. एकदा बाळाकडे, एकदा तिच्याकडे, आणि शेवटी सवयीनं बापाच्या तोंडाकडे पाहिलं. तो वळण घेईल, आत्ता घेईल, असं तिला वाटत राहिलं. तो बापाच्या मागून दाराबाहेर गेला.

तिला राग आला, असा राग की बाळंतपणाच्या कळा त्यापुढे काहीच नव्हत्या. तिनं फोन घेतला आणि भिंतीवरच्या एकेका चेहऱ्याला लावला. शाळेतल्या बाईंनी उचलला आणि तिचा आवाज ऐकून ठेवून दिला. घड्याळजी म्हणाला, "अण्णांचा फोन आला होता. मला यात ओढू नका." एका नर्सनं तर हळू आवाजात विचारलं, "खरंच का गं?" आणि काचवाली उत्तर द्यायच्या आधीच म्हणाली, "नको, मला सांगूच नकोस." मग फोन कुणीच उचलेना. निळ्या उजेडात बाळ निपचित पडलं होतं. सकाळी पाय झाडत होतं, आता तेही नाही.

डॉक्टरीणबाईंनी दुसऱ्या शहरातल्या पेढीला कळवलं होतं, पण गाडी पोचायला उद्याचा दिवस उजाडला असता. त्या स्टूल ओढून काचवालीच्या जवळ बसल्या.

"एक विचारते. हे पहिलंच बाळंतपण ना? पहिल्या वेळी असं सहसा होत नाही. तुमच्या रक्ताला आधी कधीतरी पॉझिटिव्ह रक्ताची ओळख झालेली असली पाहिजे. तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?"

"एकदाच. काच लागली होती तेव्हा."

"कुणाचं?"

  पाहुण्यांना भिंतीवरचे चेहरे दाखवताना अण्णांचा जो आवाज असे तो काचवालीला आठवला. हिच्यात तर मी आहेच.

"सासऱ्यांचं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल आणखी जवळ ओढलं. मग हळूच म्हणाल्या, "ते तपासतात कसं?"

तिनं सांगितलं. काचपट्टी, एक थेंब, दोनदा हलवायचं आणि बघायचं. हे तिनं हजारदा पाहिलं होतं.

"आणि निगेटिव्ह दिसलं की झालं?"

"झालं. मग ते ये, बस म्हणतात."

"आमच्याकडे तिथं थांबत नाहीत. काही पॉझिटिव्ह रक्त इतकं दुबळं असतं की काचपट्टीवर त्याचे दाणे दिसतच नाहीत. ते उबेत ठेवायचं, धुवायचं, दुसरं सीरम घालून पुन्हा बघायचं. तेव्हा ते खरं काय आहे ते दाखवतं. असं दुबळं रक्त बहुतेक वेळा निगेटिव्ह माणसाला काही करत नाही. पण कधी कधी करतं." त्यांनी पेटीकडे पाहिलं. "मिस्टरांचं रक्त मला मिळालं असतं तर..."

दारात पावलं वाजली. सासूबाई आत येत होत्या, आणि त्यांनी मुलाच्या शर्टाची बाही मुठीत गच्च धरली होती. लहान पोराला शाळेच्या फाटकातून खेचून आणावं तसं त्यांनी त्या बाप्याला घरापासून हॉस्पिटलपर्यंत खेचून आणलं होतं. अंगावर घरातलेच कपडे, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"याचं तपासा," त्या म्हणाल्या. "आणि रक्त माझं घ्या. मी निगेटिव्ह आहे. लागेल तितकं घ्या."

नवऱ्यानं काचवालीसमोर येऊन काहीतरी बोलायचा प्रयत्न केला. तिनं मान फिरवली. त्यानं मग निमूटपणे नर्सपुढे हात केला.

दोघांचंही रक्त आत गेलं.  डॉक्टरीणबाई परत आल्या त्या आधी नवऱ्यापाशी थांबल्या. "तुम्ही पॉझिटिव्ह आहात. दुबळे, पण पॉझिटिव्ह. हे बाळाला तुमच्याकडून आलंय, आणि तुम्हाला तुमच्या वडिलांकडून."

तो खाली बसला, तिथंच, भिंतीला टेकून फरशीवर. "मग आपण... आपलं ते मूळ घराणं..."

"घराणं कसलं?" डॉक्टरीणबाईंचा पहिल्यांदाच आवाज चढला. "काही मुलखांत निगेटिव्ह जास्त, काहींत कमी, एवढं खरं. पूर्वज कुठले होते यावर ते थोडंफार ठरतं. पण त्यानं कुणी वेगळ्या वंशाचा होत नाही. दोन पॉझिटिव्ह आईबापांना निगेटिव्ह मूल होतं, या वॉर्डात रोज होतं. ते पोर काय डोंगरातून उतरून आलं?" मग त्यांनी स्वतःला आवरलं आणि त्या सासूबाईंकडे वळल्या. त्यांचा सूर अगदी बदलला. "तुमचं रक्त मला घेता येणार नाही."

"का? मी पण खोटी निघाले?"

"नाही. तुम्ही निगेटिव्हच आहात. पण तुमच्या रक्तातही तीच शस्त्रं आहेत, सुनेच्या रक्तात आहेत तीच. तुम्हाला कधी कुणाचं रक्त चढवलं होतं?"

"नाही. यांनी कधी कुणाचं टोचूच दिलं नाही."

"मग मुलं किती झाली?"

सासूबाईंनी फरशीवर बसलेल्या मुलाकडे पाहिलं. "तीन," त्या म्हणाल्या. "हा एक आहे."

समजावून सांगायची गरजच नव्हती. पहिल्या बाळंतपणात तयार झालेली शस्त्रं पाठच्या दोघांवर चालली होती. सासूबाई पेटीपाशी गेल्या आणि काचेला कपाळ टेकून उभ्या राहिल्या. काचवालीनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा तिला जाणवलं, ती पाठ लाकडासारखी ताठ झाली होती. त्या रडत नव्हत्या. इतकी वर्षं स्वतःच्या अंगाला दोष देऊन झाल्यावर माणूस लगेच रडू शकत नाही.

मग त्या वळल्या. "फोन दे," त्यांनी मुलाला सांगितलं. "बेकरीवाल्याला लाव."

बेकरीवाल्यानं फोन उचलला तो अण्णांच्या मुलाचा नंबर बघून. सासूबाईंनी त्याला नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. "मी बोलतेय. माझी दोन पोरं पिवळी पडून गेली, ते तुला आठवतं का? तूच त्यांना खोक्यात घालून उचललं होतंस. आता तिसरं चाललंय. येतोस का नाही, एवढंच सांग."

तो आला. पिठानं माखलेल्या हातांनी, टोपीसुद्धा न काढता. रक्त देऊन उठल्यावर तो काचवालीच्या पायथ्याशी येऊन उभा राहिला आणि चाचरत म्हणाला, "अण्णांना सांगू नका हं, मी आलो होतो."

काचवालीच्या डोळ्यांपुढे भिंत उभी राहिली. रुंद चौकटींतल्या मुली. त्या चौकटी तिनंच कापल्या होत्या, काचा तिनंच बसवल्या होत्या. त्यांतला दुसऱ्या ओळीतला हसरा चेहरा बेकरीवाल्याच्या मुलीचा होता. अपघातानंतर अण्णांनी तिला रक्त दिलं होतं. आणि तिला आता सातवा महिना होता.

"काका," ती म्हणाली, "तुमच्या मुलीला घेऊन या. आजच. डॉक्टरीणबाईंना दाखवा."

"का? काय झालं?"

"सांगते. पण आधी घेऊन या."

 तो टोपी हातात घेऊन बाहेर धावला. भिंतीवर रुंद चौकटी किती होत्या हे काचवालीला पाठ होतं. तिनं नवऱ्याला म्हटलं, "बाकीच्यांना तू फोन कर. माझ्याकडे बघू नकोस आणि कुणाला विचारूही नकोस. फोन कर."

त्यानं केला.

संध्याकाळी अण्णा आले. पेटीतल्या बाळाचं रक्त बदलणं तेव्हा चालू होतं आणि त्यानं एकदा पाय झाडला होता. अण्णांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, केस नीट विंचरले होते. मुलाला न्यायला आले असावेत. डॉक्टरीणबाईंनी त्यांना व्हरांड्यातच गाठलं आणि सगळं सांगितलं, काही न लपवता. काचवाली दारातल्या खुर्चीवर होती, सासूबाई तिच्या शेजारी उभ्या.

अण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. "तुमच्या यंत्रात खोट आहे," ते म्हणाले.

"असेल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी ट्रॉलीवरची स्टीलची ताटली पुढे सरकवली. तिच्यात सुई होती, कापूस होता, स्वच्छ काचपट्टी होती. "एक थेंब द्या. तुमच्यासमोर करते. शंकाच नको."

अण्णांनी ताटलीकडे पाहिलं. अख्ख्या शहराची बोटं ज्यांनी विचारल्याशिवाय टोचली, त्यांनी आपले दोन्ही हात हळूच पाठीमागे नेले.

"द्या ना," सासूबाई म्हणाल्या. "मी काही कधी मागितलं नाही तुमच्याकडे. एवढं एक बोट द्या. त्या दोघांसाठी द्या."

अण्णांनी तेव्हा कुठे बायकोकडे नीट पाहिलं. तिच्या रक्तात काय सापडलं, ते त्यांनी आत्ताच ऐकलं होतं. काचवालीला त्यांच्या डोळ्यांत हिशोब मांडला जाताना दिसत होता. एका बाजूला त्यांचं स्वतःचं रक्त, दुसऱ्या बाजूला ही बाई, जन्मभराचा संसार, खोक्यात घालून नेलेली दोन मुलं. तो हिशोब कुठे जाऊन थांबणार हे तिला कळलं आणि तिनं सासूबाईंचा हात धरला.

अण्णांनी रिकाम्या बाकड्याकडे मान हलवली. "बसा," ते बायकोला म्हणाले. "आणि खरं काय ते सांगा. कोण होता तो?"

सासूबाई बसल्या नाहीत.

"तुम्हीच," त्या म्हणाल्या.

अण्णांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते जिन्याकडे वळले होते, हात अजून पाठीमागेच धरून.